सरहद्दीवरचा रोगी कोणाच्या दप्तरी?

दोडामार्गच्या बाजारपेठेतून गोव्याची हद्द पायी गाठता येते. तेथूनच तिलारीचा घाट चढून गेले की चंदगडचा मुलूख लागतो, आणि चंदगडाहून बेळगाव हे तासा-दीड तासाच्या वाटेवर. तीन राज्यांच्या कचेऱ्या, त्यांची आरोग्य खाती, त्यांच्या राजभाषा आणि त्यांची शिधापत्रे ह्या एवढ्याशा टापूत एकमेकींना खेटून उभी आहेत. आणि त्यांच्यामधून वाहणारी नदी, दोहों बाजूंस पसरलेले अरण्य, हंगामाला घाट उतरणारा मजूर व अंगात ताप घेऊन निघालेला रोगी ह्यांपैकी कोणालाही त्या विभागणीची दखल घेऊन चालण्याची सवय नाही.

सीमावर्ती प्रदेशांचे आरोग्य आणि तेथील आपत्तीची पूर्वतयारी हा विषय आपल्याकडे बहुधा देशाच्या सरहद्दीच्या संदर्भात, लष्कर व बंदोबस्त ह्यांच्या जोडीने, चर्चिला जातो. प्रस्तुत आढावा मात्र एकाच संघराज्याच्या पोटातील, महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक ह्यांच्या सामाईक सरहद्दीपुरता आहे. तेथे गेल्या दहा वर्षांत जे मतभेद प्रकट झाले ते वरवर पाहता निरनिराळे दिसतात: कधी इस्पितळाच्या शुल्काचा वाद, कधी नाक्यावरच्या दाखल्याचा, कधी धरणाच्या पाण्याचा. आमच्या समजुतीप्रमाणे त्या सर्वांच्या तळाशी एकच हिशेबी प्रश्न आहे. रोग्याची नोंद, त्याचा खर्च आणि त्याची काळजी तो जेथे राहतो तेथील सरकारने पत्करावी, की तो जेथे आजारी पडला तेथील, की तो जेथे उपचाराला जाऊन पोहोचला तेथील?

पूर्वपीठिका

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला तेव्हा मुंबई इलाख्याचा नकाशा ठिगळांच्या गोधडीसारखा होता: मधूनमधून कोल्हापूर, सांगली, मिरज, सावंतवाडी ही संस्थाने, आणि किनाऱ्याला गोवा व दमण येथे पोर्तुगीज अंमल. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा इंग्रजी मुलखापुरता. बाकीच्यांनी आपापले हुकूम काढावेत, अशी एकंदर तऱ्हा. रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली, छावण्या पडल्या, घरांच्या झडत्या झाल्या. तरीही रोग त्याच वर्षी दमणला पोहोचला आणि पुढे बेळगाव, धारवाड, हुबळी ह्या बाजूंसही फैलावला.

ह्या अनुभवाचे दोन अर्थ लावले गेले, आणि आजच्या वादातही ते दोन्ही जिवंत आहेत. एका पक्षाच्या मते तपासणीने रोग थांबला नसला तरी त्याची चाल मंदावली व तयारीला अवधी मिळाला. दुसऱ्या पक्षाच्या मते बळजबरीमुळे लोक रोगी लपवू लागले, आणि लपविलेला रोगी तपासलेल्या उतारूपेक्षा अधिक घातक ठरला. पुण्यातील झडत्यांची परिणती २२ जून १८९७ रोजी कशात झाली हे मराठी वाचकास सांगावयास नको. आणि त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले मृत्यू पावल्या हेही तो जाणतो. ह्या दोहोंच्या गदारोळात एक तिसरी गोष्ट काहीशी झाकली गेली. हाफकिन ह्यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईस सिद्ध केलेली लस १८९८ मध्ये हुबळीत मोठ्या प्रमाणावर टोचली गेली, आणि मुंबई व हुबळी ही दोन्ही शहरे त्या वेळी एकाच इलाख्याच्या एकाच दप्तरात होती. तोच प्रयोग आज करावयाचा तर आधी दोन राज्यांच्या सचिवालयांत मसुदे फिरवावे लागतील.

रोग्यांच्या वाटा तर राज्यांहूनही जुन्या आहेत. पणजीस वैद्यकीय शिक्षणाची शाळा १८४२ मध्ये निघाली, जिचे आजचे रूप म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस ह्यांनी १८९४ मध्ये मिशनचे इस्पितळ सुरू केले. अथणी-चिकोडीकडील रोगी मिरजेस, चंदगड-गडहिंग्लजचा बेळगावास आणि सावंतवाडी-दोडामार्गचा गोव्यास जाऊ लागला तो कोणत्याही सरकारच्या योजनेने नव्हे. जवळचा आणि भरवशाचा वैद्य तेथे होता म्हणून. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६० चे महाराष्ट्र राज्य आणि १९६१ चा गोवामुक्तीचा प्रसंग ह्यांनी सरहद्दी बदलल्या. ह्या वाटा मात्र तशाच राहिल्या.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, इस्पितळे व दवाखाने हा राज्यसूचीतील सहावा विषय आहे, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात संसर्गजन्य रोगांचा फैलाव होऊ न देणे हा समवर्ती सूचीतील एकोणतिसावा. घटनाकारांना सरहद्दीचा प्रश्न दिसला होता, हे त्या एकोणतिसाव्या नोंदीवरून स्पष्ट होते. परंतु नोंद असणे निराळे आणि तिच्या आधाराने उभे राहिलेले नित्याचे यंत्र असणे निराळे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा हा पूर्वतयारीचा पाया मानला व जिल्हाधिकाऱ्यास जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष केले. ही रचना सर्वसामान्यपणे सोयीची. मात्र सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्याचा हुकूम पत्रादेवीच्या अलीकडे थांबतो, आणि पलीकडचा अधिकारी त्याला पत्र लिहू शकतो, आज्ञा देऊ शकत नाही.

राज्याराज्यांनी एकत्र बसावे म्हणून १९५६ च्या पुनर्रचना कायद्यानेच विभागीय परिषदा निर्माण केल्या. त्यांतील एक तपशील सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम विभागीय परिषदेत आहेत, कर्नाटक दक्षिण विभागीय परिषदेत. ज्या तीन राज्यांचे अरण्य एक, त्यांची नित्याची बैठक एक नाही.

माकडतापाचा पुरावा

ह्या तिठ्यावरचे सर्वांत बोलके प्रकरण माकडतापाचे आहे, म्हणून त्याजपाशी थोडे थांबणे युक्त होईल. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ जंगलात वावरणारी माणसे तापाने आजारी पडली. पुण्यास १९५२ पासून काम करीत असलेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, ह्या रोगाचा विषाणू ओळखला. तो गोचिडीमार्फत पसरतो. वानरे व माकडे त्याने मरतात, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपासचा पाचोळा धोक्याचा करून सोडतात. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत त्याचा हंगाम. बाधितांपैकी शंभरात तीन ते पाच दगावतात.

पुष्कळ वर्षे हा कर्नाटकातील काही तालुक्यांचा रोग समजला गेला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आढळला, आणि २०१६ च्या आरंभी दोडामार्ग तालुक्यातील केर व आसपासच्या गावांत. केरची माणसे प्रथम ह्या तापाला अन्य कोणत्याही पावसाळी-हिवाळी तापासारखाच समजली असल्यास नवल नाही. सिंधुदुर्गात लेप्टोस्पायरोसिसची ओळख होती, माकडतापाची नव्हती. घाटाच्या दक्षिणेस जे ज्ञान साठ वर्षे साचलेले होते ते काही दिवसांच्या चालीवरच्या गावांना नवे ठरले.

त्याच वर्षीची दुसरी घटना अधिकच विचार करावयास लावणारी आहे. बेळगाव जिल्ह्यातील मजूर काजूच्या हंगामासाठी सत्तरीतील पालीच्या बागांत उतरले होते. काजूची बोंडे झाडावरून तोडीत नाहीत. पिकून खाली पडली की वेचतात, आणि वेचणारा दिवसभर वाकून पाचोळ्यात हात घालतो, जेथे गोचिडी असतात. हे मजूर गावी परतले, तेथे तापाने पडले, आणि त्यांच्या रक्ताचे नमुने पुण्यास तपासले गेले तेव्हा माकडतापाचे निदान झाले. संसर्ग गोव्यात, आजार कर्नाटकात, निदान महाराष्ट्रात. रोगी राहतो ते गाव नोंदवहीत घातले तर बेळगाव जिल्ह्यात नसलेली साथ तेथे दिसते आणि पालीच्या बागेतली असलेली साथ दिसत नाही. उलट केवळ संसर्गाचे ठिकाण धरले तर परतलेल्या मजुराची विचारपूस कोणी करावयाची हे अधांतरी राहते.

ह्यातून काय घ्यावे ह्याविषयी तज्ज्ञांत दोन प्रवाह दिसतात. एका प्रवाहाचा भर एकत्रित निरीक्षणावर: वनखाते, पशुवैद्यक आणि आरोग्य खाते ह्यांनी मेलेल्या माकडाची खबर एकाच वेळी तिन्ही राज्यांस द्यावी, कारण माणसाआधी माकड मरते आणि ते मरण हीच पहिली सूचना होय. दुसरा प्रवाह म्हणतो की खबर मिळून उपयोग काय, जर गावात अंगाला लावावयाचे गोचीडरोधक तेल वेळेवर पोहोचले नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्याला हा ताप ओळखता आला नाही? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि ती परस्परविरोधीही नाहीत. तरी अंदाजपत्रकाच्या वेळी एकीकडे प्रयोगशाळा आणि दुसरीकडे आशाताई अशी विनाकारण तुलना उभी राहते, हे खरे. लशीचे प्रकरण निराळेच. कर्नाटकात १९९० पासून वापरात असलेली लस पुरेशी गुणकारी नसल्यामुळे २०२२ मध्ये थांबविण्यात आली, आणि नवी लस सिद्ध करण्याचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतले आहे.

कुत्र्यांच्या लसीकरणाचा मुद्दा ह्याच जातीचा. गोव्याने अनेक वर्षे चिकाटीने मोहीम चालवून २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषणा केली. परंतु कुत्रे नाक्यावर थांबत नसल्याने शेजारच्या तालुक्यांत तशीच मोहीम झाल्याखेरीज हे यश टिकविणे कष्टाचेच राहील.

इस्पितळ आणि शुल्क

रोगापेक्षा पैशाचा वाद अधिक कडवट झाला, हे मान्य केले पाहिजे. २०१८ च्या जानेवारीपासून बांबोळीच्या इस्पितळात, म्हणजे लोकांच्या भाषेत गोमेकॉत, गोव्याबाहेरील रोग्यांकडून शुल्क घेण्यास आरंभ झाला, आणि दोडामार्ग परिसरात त्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले. गोवा सरकारची बाजू अशी की राज्य लहान, कर भरणारे मर्यादित, आणि शेजारच्या जिल्ह्यांचा भार त्यांनीच वाहावा ह्याला कोणताच आधार नाही. आपल्या रहिवाशांसाठी त्या सरकारने स्वतंत्र विमायोजनाही काढली होती. सिंधुदुर्गाची बाजू अशी की गोव्याचे कारखाने, हॉटेले व बांधकामे ज्यांच्या श्रमावर चालतात त्यांत ह्या तालुक्यांतील माणसे पुष्कळ. त्यांच्या कामाचे फळ हवे आणि आजार मात्र नको, असे कसे चालेल? ओरोसहून बांबोळीला जावे लागू नये म्हणून सिंधुदुर्गनगरीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उघडण्यात आले. ते पूर्णपणे भरास येईपर्यंत डोक्याला मार लागलेला अपघाती रोगी दक्षिणेकडेच धावणार, हे तेथला कोणताही रुग्णवाहिकाचालक सांगेल.

ह्या वादावर सुचविले गेलेले उपाय दोन जातींचे आहेत. पहिला स्वावलंबनाचा: प्रत्येक राज्याने आपल्या कडेच्या तालुक्यांत इतकी सोय करावी की कोणाला सरहद्द ओलांडावी लागू नये. हा उपाय स्वाभिमानाला रुचतो, पण मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग रोग्यांच्या संख्येवर जगतो, आणि विरळ वस्तीच्या डोंगरी तालुक्यांत तेवढी संख्या मिळत नाही. दुसरा उपाय हक्क रोग्याबरोबर फिरता ठेवण्याचा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या जन आरोग्य योजनेत लाभार्थ्याला अन्य राज्यांतील संलग्न इस्पितळातही उपचार मिळतात. पण ही मुभा केंद्राच्या यादीतील कुटुंबांना, आणि राज्याने स्वतःच्या पैशाने जोडलेली कुटुंबे तिच्या बाहेर राहू शकतात. त्यामुळे एकाच वाडीतील दोन घरांपैकी एकाचे कार्ड नाक्यापलीकडे चालते आणि दुसऱ्याचे चालत नाही, असा प्रसंग संभवतो.

ह्याच ठिकाणी सीमावादाची सावली पडते. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे आणि ज्यांचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे, त्या गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला. कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. महाराष्ट्राच्या दृष्टीने तो आपल्या माणसांविषयीच्या कर्तव्याचा भाग. कर्नाटकाच्या दृष्टीने आपल्या राज्यात दुसऱ्या सरकारने केलेला प्रवेश. हा निर्णय वैद्यकीय की राजकीय, ह्याचा निकाल देणे ह्या लेखाच्या कक्षेत नाही. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की आरोग्यसेवेचा दाखला हा जमिनीच्या हक्काचा पुरावा म्हणून वाचला जाऊ लागला की दोन्ही बाजूंचे आरोग्य अधिकारी एकमेकांशी बोलताना हात राखून बोलतात.

नाका

२०२० च्या साथीने नाक्याचा जुना प्रश्न पुन्हा ताजा केला. त्याचा सर्वांत तीव्र प्रसंग आपल्या टापूत घडला नाही. तो कर्नाटक आणि केरळ ह्यांच्यामधील तलपाडीस घडला. कासारगोडचे रोगी वर्षानुवर्षे मंगळुरास जात असत. मार्चअखेर कर्नाटकाने रस्ता बंद केला, उपचाराविना माणसे दगावल्याची तक्रार झाली, केरळच्या उच्च न्यायालयाने १ एप्रिल रोजी केंद्रास मार्ग मोकळा करण्यास सांगितले, आणि आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयासमोर रोग्यांच्या प्रवेशाचे निकष ठरल्याचे सांगण्यात आले. न्यायालयात गेल्याविना हे निकष ठरू शकले नाहीत, ह्याची नोंद घेतली पाहिजे. पुढील वर्षी कोल्हापूर-बेळगाव मार्गावर कोगनोळीच्या नाक्यावर चाचणीचा दाखला मागितला जाऊ लागला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२१ च्या मे महिन्यात गोव्यात येणाऱ्यांस तसा दाखला आवश्यक ठरविला. बांद्याहून रोज सकाळी दुचाकीवर कामाला जाणाऱ्याच्या दृष्टीने ह्याचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

नाक्याचे समर्थक म्हणतात की इस्पितळातील खाटा मोजक्या असताना येणाऱ्यांचा ओघ आवरणे हे सरकारचे कर्तव्यच होते. विरोधकांचे म्हणणे असे की हमरस्त्यावर नाका आणि आसपास दहा पायवाटा अशा प्रदेशात नाका प्रामाणिक माणसालाच अडवितो. १८९७ ची चर्चा ज्यांनी वाचली आहे त्यांना ह्या दोन्ही वाक्यांचा सूर ओळखीचा वाटेल.

पूर

आपत्तीच्या पूर्वतयारीत पुराइतका जुना शेजारी दुसरा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्हे दिवसचे दिवस पाण्याखाली राहिले, ब्रह्मनाळची नाव उलटली, महामार्ग बंद पडला. आणि त्याच पाण्याने चिकोडी-निपाणीकडील दूधगंगा-वेदगंगेच्या काठची गावेही वेढली. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे पूर वाढतो, ही शिरोळ-सांगलीकडील दृढ समजूत. ती अमान्य करणारा कर्नाटकाचा पक्ष. आणि नंदकुमार वडनेरे समितीने तर पुराचे मुख्य खापर अलमट्टीवर फोडले नाही, अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अडथळे ह्यांकडे लक्ष वेधले. समितीच्या निष्कर्षाने समजूत गेली नाही. धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याची परवानगी कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये दिलेली असल्याने ती जाण्यासारखी परिस्थितीही नाही. २०२१ च्या जूनमध्ये दोन्ही राज्यांच्या नेत्यांनी बेंगळूरला बसून विसर्गाची माहिती वेळच्या वेळी परस्परांस देण्याविषयी बोलणी केली. पुढच्याच महिन्यात पुन्हा पूर आला.

दक्षिणेकडे हेच नाट्य लहान प्रमाणात घडते. तिलारी धरण महाराष्ट्र व गोवा ह्यांचा संयुक्त प्रकल्प. धरण दोडामार्ग तालुक्यात, आणि सोडलेले पाणी डिचोली-पेडण्यातील साळ, इब्रामपूर अशा गावांच्या अंगणात. २०१९ मध्ये ते तसे गेलेही.

पाण्याचा हिशेब घनफुटांत होतो, म्हणून तो निदान मांडता येतो. पूर ओसरल्यावरच्या आरोग्याचा हिशेब कोणी मांडीत नाही. विहिरींत टाकावयाची टीसीएल पावडर, चिखलात वावरणाऱ्यांना द्यावयाच्या लेप्टोच्या गोळ्या, सर्पदंशावरचे प्रतिविष, डायलिसिसच्या रोग्याची आठवड्यातून दोनदा होणारी फेरी: ह्यांची जिल्हानिहाय योजना असते, परंतु कुरुंदवाडच्या रोग्याला कोल्हापूरचा रस्ता बंद असताना पलीकडच्या बाजूस नेणे सोयीचे, हे जिल्ह्याच्या योजनेत सहज उमटत नाही. हाकेच्या अंतरावरचा दूरध्वनीही येथे मदत करीत नाही. १०८ ही रुग्णवाहिकेची सेवा तिन्ही राज्यांत आहे, क्रमांकही एकच. पण भ्रमणध्वनी ज्या राज्याचा मनोरा पकडतो त्या राज्याच्या कक्षात घंटा वाजते, आणि हद्दीवरच्या गावात मनोरा बहुधा शेजाऱ्याचा जवळ असतो.

जे अद्याप ठरलेले नाही

एक पक्ष असे म्हणतो की ही सर्व गुंतागुंत केंद्राने आपल्या हाती घेतल्याखेरीज सुटणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात आरोग्य हा विषय समवर्ती सूचीत घेण्याची सूचना पुढे आली ती ह्याच विचाराने. राज्यांनी तिला थंडा प्रतिसाद दिला, आणि त्यांचेही म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही: दिल्लीहून काढलेला हुकूम केरच्या जंगलापर्यंत येता येता पुन्हा जिल्हाधिकाऱ्याच्याच टेबलावर थांबतो. दुसरा पक्ष जिल्ह्याजिल्ह्यांतील लेखी करारांचा, म्हणजे सिंधुदुर्ग, उत्तर गोवा, बेळगाव व कोल्हापूर ह्यांच्या अधिकाऱ्यांनी हंगामाआधी बसून कामे वाटून घेण्याचा, पुरस्कार करतो. आमचा कल ह्या दुसऱ्या बाजूस आहे, मात्र त्यातील उणीवही दिसते. अशी बैठक अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर बंद पडते, आणि शेजारच्या जिल्ह्यातील रोग्यावर झालेला खर्च जिल्हाधिकारी कोणत्या शीर्षाखाली दाखविणार, ह्याचे उत्तर तिला देता येत नाही.

खर्चाच्या प्रश्नाहूनही अवघड प्रश्न नव्या लशीच्या निमित्ताने पुढे येणार आहे. माकडतापाच्या जुन्या लशीच्या दोन मात्रा महिन्याच्या अंतराने द्याव्या लागत, आणि त्यानंतर पुन्हा बळ देणारी मात्रा. नवी लसही काहीशी तशीच निघाली, तर फेब्रुवारीत बागेत उतरणाऱ्या काजूच्या मजुराला ती डिसेंबरातच, त्याच्या गावी, घाटावर टोचावी लागेल; म्हणजे गोव्यातील रोगासाठी कर्नाटकाच्या परिचारिकेने, ज्या गावात त्या रोगाचा एकही रोगी नाही त्या गावात, आपल्या शीतपेटीतील मात्रा खर्च करावयाच्या. त्या मात्रांची मागणी कोणी नोंदवावी, हे काजूला मोहोर येण्यापूर्वी ठरवावे लागेल.